शोकांतिकेतली नाती कशी वाचावीत : 'एकच प्याला' हातात घेऊन

पात्रांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे 'नवरा', 'मेहुणा', 'मित्र' लिहायचं, अशी एखादी वही दरवर्षी माझ्यासमोर येतेच. अंबाजोगाईत रविवारी आम्ही आठ-दहा जण मिळून नाटक मोठ्याने वाचतो. तिथे ती वही मी आधी मिटायला लावते.

गाइडही बाजूला ठेवा. पाच अंक सलग वाचून काढा. पदं पहिल्या वाचनात गाळली तरी चालतील. ती नाटककार राम गणेश गडकऱ्यांची नव्हेत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात पहिला प्रयोग केला. आपलं नाटक त्यांना रंगमंचावर पाहायला मिळालं नाही.

आता खरं काम. नात्याच्या नावाऐवजी क्रियापद लिहा. सुधाकर वकील, तळीराम त्याचा कारकून. ठीक, पण त्यातून हाती काय लागतं? तळीराम करतो काय ते बघा. भर कोर्टात अपमान झालेला, वकिलीची सनद काही महिन्यांसाठी गेलेला माणूस आतून पेटलेला असताना तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. हे वाचताना बीडकडची एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, हा तर ऊसतोडीचा मुकादमच की! आधी उचल देतो, मग हंगामभर माणूस त्याचा." इतकं नेमकं टिपण मला गाइडात सापडलेलं नाही. फरक एवढाच, की मुकादम सहसा तोट्यात जात नाही. तळीराम स्वतःही दारूनेच मरतो. हा फरकसुद्धा वहीत लिहा, कारण सुधाकरला बुडवणारा काठावर उभा नव्हता, हे त्यातूनच कळतं.

मग हाका तपासा. सुधाकरची बायको सिंधू नवऱ्याचं नाव घेत नाही, 'इकडून' म्हणते. आमच्याकडे पोरं हमखास विचारतात, "इकडून म्हणजे कुठून?" हसू द्या त्यांना. पण घर बसत जातं, दळणं दळून पोट भरायची वेळ येते, तरी हा शब्द सुटतो का, हे प्रत्येक अंकात खूण करून बघा.

एकटं पात्र घेऊ नका, जोडी घ्या. सिंधू आणि तळीरामाची बायको गीता, दोघींचे नवरे दारुडे. गीता फाडफाड बोलते, सिंधू सोसते. दोघींचे प्रसंग लागोपाठ वाचले की 'पतिव्रता' या एका शब्दावर भागत नाही.

रामलाल-शरद या जोडीला मात्र वेळ द्या. शरद ही सुधाकरची बालविधवा बहीण. सुधाकरचा मित्र रामलाल तिला मुलीसारखी सांभाळतो, शिकवतो, आणि एके दिवशी आपल्या मनातलं दुसरंच काही त्याला दिसतं. शेवटी तो शरदवर प्रेम करणाऱ्या तरुण भगीरथासाठी बाजूला होतो. घाई करणारे याला उपकथानक म्हणून ओलांडतात. मला विचाराल तर नाटकातलं सगळ्यात अवघड नातं हेच.

शेवटचा अंक दोनदा वाचा. बाळ गेलेलं, सिंधू मरणाच्या दारात, आणि पोलिसांपुढे ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. वाचून झाल्यावर लगेच चर्चा नको. आधी प्रत्येकाने एका ओळीत लिहायचं, ती कोणासाठी खोटं बोलली. गेल्या खेपेला आठ जणांच्या आठ ओळी निघाल्या आणि चहा गार झाला.