गंजलेली जुनी मोटार घरच्या घरी, बेताच्या खर्चात सुधारताना

जुन्या मोटारीवरचा गंज दिसतो बाहेरून, पण तो बहुतेक वेळा आतून आलेला असतो. रंगाला आलेला नखाएवढा फोड ही पत्र्याच्या मागच्या बाजूला कित्येक वर्षे चाललेल्या कुजण्याची शेवटची खूण असते. तेवढाच भाग घासून वर रंग मारला, तर काही महिन्यांत त्याच जागी आधीपेक्षा मोठा फोड उगवतो आणि रंगाचे पैसे वाया जातात. म्हणून हातात पाना घेण्यापूर्वी मोटारीत पाणी कुठून शिरते, कोणत्या वाटेने खाली उतरते आणि कुठे साचून राहते, याचा माग काढावा. कामाचा क्रम आणि खर्चाचा अंदाज त्यातूनच ठरतो.

पाहणीसाठी एक विजेरी, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि पातळ कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक पुरते. चुंबक पत्र्यावरून सरकवत नेल्यावर जिथे त्याची पकड सुटते, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर निरोगी पत्रा खणखणीत वाजतो आणि कुजलेला बद्द आवाज देतो. दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, पायांखालचा फ्लोअर, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, डिकीतील जादा चाकाचा खळगा, समोरच्या काचेचे खालचे कोपरे आणि स्प्रिंग जिथे बॉडीला जोडलेल्या असतात त्या जागा, या सगळ्या एकेक करून तपासाव्यात. कार्पेट उचलल्याशिवाय फ्लोअरबद्दल काहीही गृहीत धरू नये.

दाराचा तळ मात्र सवडीने पाहण्यासारखा असतो. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत जाणारच, हे धरूनच दार बनवलेले असते. ते बाहेर पडावे म्हणून तळाच्या कडेला बोटाच्या टोकाएवढी दोन-तीन भोके ठेवलेली असतात. जुन्या गाडीच्या या भोकात तार घालून फिरवली, की आधी काळा चिखल येतो, मग कुजलेल्या पानांचा लगदा आणि कधीकधी पेलाभर गढूळ पाणी. ते पाणी तिथे किती काळ होते हे कळायला मार्ग नसतो, पण दाराच्या कडेची दुमडलेली शिवण का फुगली आहे ते मात्र लगेच कळते. गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा व्यापतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मधोमध धरलेला गंज त्यांना पाचरीसारखा एकमेकांपासून दूर रेटतो.

गाडी अजून घ्यायची असेल, तर पैशाचे गणित इथेच मांडावे. पत्र्याचे काम वेळखाऊ असले, तरी त्यातला मोठा वाटा स्वतःच्या मेहनतीचा असतो. हरवलेल्या क्रोमच्या पट्ट्या, फुटलेली वक्र काच, दिव्यांची भिंगे आणि डॅशबोर्डवरील काटे मात्र मेहनतीने तयार होत नाहीत. ते विकतच घ्यावे लागतात आणि दुर्मीळ गाडीचे असतील तर खिसा रिकामा करतात. म्हणून गंजलेली पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी ही चकचकीत पण अर्धवट गाडीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. याला माझ्या मते एकच अपवाद आहे. ज्या गाडीला स्वतंत्र चेसिस नसून बॉडीच सगळा भार उचलते, तिचे सिल, स्प्रिंगच्या जागा आणि फ्लोअर असे तिन्ही एकाच वेळी चाळण झालेले असतील, तर पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने तिच्या मोहात पडू नये.

उघडताना

गाडी उघडायला उत्साह पुरतो. जोडायला आठवण लागते, आणि दोन वर्षांपूर्वीची आठवण कोणाचीच शाबूत नसते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी जवळून एक आणि लांबून एक असे दोन फोटो घ्यावेत, बोल्ट लहान पिशव्यांत ठेवावेत आणि पिशवीवर नेमके ठिकाण लिहावे. मी पहिल्या गाडीच्या वेळी एका पिशवीवर नुसते "समोरचे बोल्ट" असे लिहिले होते आणि पुढे अशा चार पिशव्या निघाल्या. तुटलेला किंवा कुजलेला भागही काम संपेपर्यंत फेकू नये, कारण नवा तुकडा कापताना मापासाठी तोच उपयोगी पडतो.

जाम झालेल्या नटावर गंजसोडवे तेल आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी सोडावे. नट सोडवण्यापूर्वी किंचित आवळून पाहावा. गंजाची पकड तुटायला तेवढा धक्का पुष्कळदा पुरतो. काही जुन्या गाड्यांच्या एका बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी बोल्टच्या टोकावरची खूण पाहावी.

गाडीखाली जाताना ती केवळ जॅकवर कधीही नसावी. सपाट आणि टणक जमिनीवर, भार पेलणाऱ्या स्टँडवर ती ठेवून, हाताने जोरात हलवून पाहिल्यावरच खाली शिरावे. जुन्या रंगांत शिसे आणि जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये, ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

गंज काढण्याच्या पद्धती

वरवरचा तांबूस थर, खड्डे पडलेला खपल्यांचा गंज आणि आरपार भोक या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत आणि तिन्हींना एकच औषध चालत नाही. वरवरचा थर वायर ब्रश व पॉलिश पेपरने जातो. खड्ड्यांच्या तळाशी उरलेला गंज ब्रशला पोचत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावल्यास त्या गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. सुटणाऱ्या खपल्यांवर मात्र हे द्रावण कितीही ओतले तरी ते वरच्याच थरात खर्ची पडते. आरपार भोक असेल तर रसायनांचा विचारच सोडावा. तो पत्रा कापायचा असतो.

सुटे होणारे लोखंडी भाग, जसे ब्रॅकेट, बिजागऱ्या किंवा बॅटरीचा ट्रे, यांच्यासाठी विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची पद्धत सर्वांत स्वस्त आहे. प्लॅस्टिकच्या टबात दर ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा या बेताने धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडून बुडवावा आणि धन टोकाला टाकाऊ लोखंडाची सळई जोडून ती भागाला न टेकता टबात उभी करावी. टोकांची अदलाबदल झाली, तर सळईऐवजी आपला भागच झिजतो, म्हणून वीज सुरू करण्यापूर्वी जोडणी दोनदा पाहावी. थोड्याच वेळात भागावरून बारीक बुडबुडे उठू लागतात आणि दुसऱ्या दिवशी गंजाचा काळा लगदा साध्या ब्रशने निघतो, खालचे निरोगी लोखंड जसेच्या तसे राहते. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. त्यामुळे टब मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर असावा आणि भागाला हात लावण्यापूर्वी चार्जर बंद करावा. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचे भाग या टबात खराब होतात. स्प्रिंग आणि कठीण पोलादाचे बोल्ट हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतात, तेव्हा त्यांनाही यापासून लांब ठेवावे. बाहेर काढलेला भाग धुऊन लगेच कोरडा करावा आणि त्याच दिवशी प्राइमर लावावा. उघडे लोखंड रात्रभर राहिले, तरी सकाळी त्यावर पिवळट झाक आलेली दिसते.

ठिगळे आणि वेल्डिंग

बॉडीचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाड असतो. इतक्या पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढले, तर तो तापून वाकतो किंवा वितळून भोक पडते. मिग वेल्डिंगला, म्हणजे यंत्रातून तार आपोआप पुढे येत राहते त्या विजेच्या वेल्डिंगला, ०.६ मिलिमीटरची तार घेऊन २५ ते ३० मिलिमीटर अंतरावर टाके घालावेत, एक टाका या टोकाला तर पुढचा त्या टोकाला, आणि मधल्या जागा पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबून भराव्यात. कापताना गंजाच्या कडेवर न थांबता चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जावे, कारण कुजक्या कडेला घातलेला टाका धरत नाही. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत आणि आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून तो जागेवर बसवून पाहावा. टाकाऊ पत्र्यावर हात बसेपर्यंत गाडीला हात लावू नये. ज्यांना वेल्डिंग शिकायचे नाही, त्यांनी ठिगळे घरी कापून, वाकवून, चिमट्यांनी जागेवर घट्ट बसवून ठेवावीत आणि कारागिराला केवळ टाके घालण्यासाठी बोलवावे. मजुरीचा मोठा भाग तयारीतच जात असतो, तो यामुळे वाचतो.

सिल बदलताना मी एकदा मोठी चूक केली. गाडी मधोमध स्टँडवर होती, दारे सोयीसाठी काढून ठेवली होती आणि जुना सिल मी एका दमात कापून टाकला. नवा सिल सुबक बसला, रंगही झाला, आणि दार लावायला गेलो तर ते वरच्या कोपऱ्यात बोटभर अडकले. सिल नसताना बॉडी किंचित वाकली होती आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत मी ती वेल्डिंगने कायमची करून टाकली होती. तेव्हापासून सिल कापण्यापूर्वी मी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्यांचे आडवे-तिरपे टेकू टाके घालून पक्के करतो, गाडीचा भार चाकांच्या जवळच्या जागांवर ठेवतो, दारे बिजागऱ्यांवरच राहू देतो आणि प्रत्येक टप्प्यावर दार लावून फटी मोजतो. सिल एका वेळी एकाच बाजूचा कापतो.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, आसपासचे कार्पेट, रबर आणि वायरिंग दूर करावे, पेट्रोलची टाकी गाडीतून पूर्ण काढून लांब ठेवावी आणि अग्निशामक हाताशी असावा. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते; टाकीवर घरी वेल्डिंग कधीही करू नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून पत्रा पुसायला असा क्लीनर वापरू नये. काम संपल्यावरही अर्धा तास तिथेच थांबावे, कारण पोकळ भागात पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

आधी थांबणे, मग धावणे

रंगाचा मोह बाजूला ठेवून या टप्प्यावर ब्रेक आणि इंजिन हाती घ्यावे, नाहीतर नव्या रंगावर पान्याचे ओरखडे आणि ब्रेक ऑइलचे डाग पडतात; ब्रेक ऑइल रंग सोलून काढते. ते हवेतील ओल शोषते, म्हणून वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर, आतून गंजून जाम होतात. रबरी होज बाहेरून चांगले दिसले, तरी आतून फुगून बंद झालेले असू शकतात. होज, ब्रेकमधले रबरी सील आणि ऑइल यांत काटकसर करू नये. टायरची नक्षी शाबूत असली, तरी त्याचे वय पाहावे: सन २००० पासूनच्या टायरवर चार अंकी खूण असते, त्यात "२३१५" म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा.

बंद इंजिनला स्टार्टरने झटका देऊ नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, दोन-चार दिवस थांबावे आणि पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हळूहळू फिरवावे. इंजिन मोकळे झाल्यावर जुने ऑइल आणि वार्निशसारखा वास मारणारे शिळे पेट्रोल काढून टाकावे, कार्ब्युरेटर उघडून धुवावा आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग झिजलेल्या आहेत, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे आहे. एवढी माहिती हाती आल्याशिवाय इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च करू नये.

पुट्टी, रंग आणि पोकळ जागा

पुट्टी पाणी शोषते. म्हणून ती गंजावर किंवा भोकावर कधीही न लावता स्वच्छ, खरखरीत केलेल्या पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्राइमरवरच लावावी, थर २-३ मिलिमीटरहून जाड नसावा आणि ती पाण्याने न घासता कोरडीच घासावी. आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०, असे चढत जावे. पृष्ठभागावर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारून घासले, की जिथे काळे उरते तिथे खळगा असल्याचे दिसते. हार्डनर मिसळून वापरायच्या दोन घटकांच्या रंगांत आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायने असतात आणि त्यांच्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर घरी एकघटकी रंग वापरावा. त्याची चकाकी थोडी कमी असते, पण घासून पॉलिश करता येतो आणि चुकलेली जागा सहज दुरुस्त होते.

रंग पूर्ण वाळल्यावर सिल, दारे आणि चेसिसच्या पोकळ भागांत लांब नळीच्या फवाऱ्याने मेण भरावे. ते शिवणींत झिरपायला हवे, म्हणून हे काम उबदार दिवशी करावे. नंतर तळाच्या प्रत्येक भोकात पुन्हा तार घालून मेणाने ते बुजले नाही ना, हे पाहावे. गाडी झाकायला प्लॅस्टिकची ताडपत्री वापरू नये, तिच्याखाली ओल अडकून राहते. हवा खेळती राहील असे कापडी आवरण घ्यावे. शेवटी कोणाला तरी काचेवर आणि छतावर दहा मिनिटे पाण्याची नळी धरायला सांगावे, आपण आत बसावे आणि कार्पेट टाकण्यापूर्वी उघड्या फ्लोअरच्या प्रत्येक कोपऱ्यावरून कोरडा हात फिरवावा. हात ओला लागला, तर कार्पेट न टाकता आधी काचेचे रबर उचलून पाहावे.