जुन्या गाडीचा फ्युएल पंप: आधी कान, मग पाना

पेट्रोल इंजेक्शनची जुनी गाडी सुरू होत नसेल तर लगेच फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप, बदलायला धावू नका. चावी ‘ऑन’ करा, स्टार्टर मारू नका, मागच्या सीटजवळ कान द्या. बहुतेक गाड्यांत दोनेक सेकंद पंपाची बारीक गुणगुण येते. आली नाही तर आधी पंपाचा फ्यूज बघा, मग रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहा; मी तरी पंपाला दोष देण्याआधी हेच करतो. आवाज येतो पण चढावर गाडी दम टाकते? मग गेज (दाब मोजणारं मीटर) लावून पेट्रोलचं प्रेशर मोजा आणि आकडा मॅन्युअलशी ताडा. फिल्टर तुंबला असेल तरी हेच लक्षण दिसतं.

कार्ब्युरेटरवाल्या, म्हणजे इंजेक्शन नसलेल्या जुन्या पद्धतीच्या गाडीत डिपस्टिक (इंजिन ऑइल तपासायची पट्टी) हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास म्हणजे पंपाचा पडदा फाटल्याची शंका घ्या. तसं इंजिन चालवू नका.

पाइप सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. तरीही थोडं पेट्रोल उडतंच, चष्मा लावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खड्ड्यात साठते, म्हणून काम उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी ठेवा. भेगाळलेला रबरी पाइप टेपने गुंडाळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पाइप नवा, क्लिपही नव्या.

चालत्या गाडीत पेट्रोलचा वास आला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब उभं करा. पुढे टोइंगच.