बटेरांना घरचं धान्य घालता? या चुका टाळा

बटेरांना काय खाऊ घालू नये असं मोबाइलवर शोधलं, की अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट आधी दिसतात. दोन्ही विषारीच आहेत, पण यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात पिंजऱ्यात अ‍ॅव्होकॅडो टाकतो कोण? आपल्याकडचा धोका कोठ्यातल्या पोत्यांत असतो.

"कोंबड्याईले चालते, मंग बटेराले काहून नाही?" हा प्रश्न ठरलेला. अंगणातली गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, नको ते टाकून देते. पिंजऱ्यातल्या बटेराला ती सोय नाही, भांड्यात पडेल तेच पोटात जातं. त्यात जपानी बटेराचं वजन साधारण १५० ते २५० ग्रॅम आणि दिवसाचं खाणं २० ते ३० ग्रॅम. एवढ्या जिवाला थोडा खराब दाणाही भारी पडतो.

पेरणीतून उरलेलं बियाणं

सगळ्यात घातक चूक ही. पेरणी आटोपली की सोयाबीन, ज्वारी, मक्याचं किलो-दोन किलो बियाणं पिशवीत उरतं. फेकवत नाही म्हणून ते पाखरांपुढे जातं. मूठभर हातात घेऊन बघा. तळव्याला लाल, गुलाबी किंवा हिरवी भुकटी लागली, तर ते बियाणं औषध लावलेलं आहे. त्यात थायरम हे बुरशीनाशक असेल तर पाय अधू होतात, अंडी मऊ कवचाची पडतात. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक असेल तर पाखरू सरळ मरतं. धुऊन, वाळवून ते खाण्यालायक होत नाही. रंगाची भुकटी नसली तरी पिशवीवरची सूचना वाचा.

सरकीची ढेप आणि कच्चं सोयाबीन

म्हशीला ढेप चालते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी घटकाचा जोर बराच कमी होतो. पाखरांचं पोट तसं नाही. ढेप खाणाऱ्या पाखरांची अंडी काही दिवस ठेवून फोडली, तर बलक पिवळा न राहता हिरवट-तपकिरी निघू शकतो, पांढऱ्यावर गुलाबी झाक येऊ शकते. गिऱ्हाईक असं अंडं परत आणून देतं, आणि आपण दोष उन्हाला देतो.

कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. पिल्लं खातात, पण अंग धरत नाहीत. उष्णतेने ते घटक निकामी होतात, म्हणून बाजारातली सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) चालते, वावरातून आणलेलं कच्चं सोयाबीन नाही.

एरंडीची ढेप खत म्हणून आणली असेल, तर ती विषारी असते, तिचं पोतं खाद्याच्या खोलीत ठेवूच नका.

पावसात सापडलेलं धान्य

काळी पडलेली ज्वारी माणसाला नको, म्हणून पाखरांना. या हिशोबाने बरीच पाखरं जातात. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृतावर घाव घालतं, आणि उकळून किंवा भाजून ते पूर्ण जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पाखरं मेली, ती बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने. मक्याचा कुबट वास आला, दाणे गठ्ठा होऊन बसले, की पोतं बाजूला काढा. चांगल्या धान्यात मिसळून खपवू नका.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत लाखोळी (लाख डाळ) होते. तिच्यातलं विष मज्जातंतूंवर जातं आणि लहान पिल्लं त्याला लवकर बळी पडतात. तिचा चुराही घालू नका.

उरलेला चिवडा, पापड, तर्री लावलेला भात यांत मीठ फार, ते बटेरांना झेपत नाही. कांदा, हिरवे पडलेले किंवा कोंब आलेले बटाटेही नकोत.

विकतच्या खाद्यातही एक चूक होते: पिल्लांना लेअर मॅश. अंड्यावरच्या पाखरासाठी त्यात भरपूर कॅल्शियम असतं, आणि पिल्लांचे मूत्रपिंड त्याने बिघडतात. पिल्लांना २४ टक्क्यांच्या वर प्रथिनांचं स्टार्टर लागतं. नुसती ज्वारी दहा टक्क्यांच्या आसपासच देते, मग पिल्लं एकमेकांची पिसं उपटतात.

काही बिघडलंच तर

पिसं फुगवून कोपऱ्यात बसणं, खाणं सोडणं, हिरवट पातळ विष्ठा, पाय ओढणं. यातलं काही दिसलं की आधी भांडं रिकामं करून धुवा, ताजं पाणी ठेवा, नवं खात्रीचं खाद्य द्या. जुनं खाद्य मात्र फेकू नका. मूठभर कागदात बांधून, मेलेल्या पाखरासोबत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही पशुवैद्यकाची मदत मागता येते. मान वाकडी झाली असेल तर खाद्यालाच दोष देऊन बसू नका. राणीखेत या संसर्गजन्य आजारातही मान तशीच वळते, म्हणून आजारी पाखरं लगेच वेगळी काढा आणि त्यांचं दाणापाणी सगळ्यांत शेवटी करा.