ऑइलचा ग्रेड ठरवायचा तर आधी ऑइलचं तापमान बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, फोक्सवॅगनची पोलो जीटीआय असल्या वेगवान गाड्या आल्या की बॉनेट उघडायच्या आधीच मालक विचारतो, "दादा, मी गाडी दाबून चालवतो. जरा जाड ऑइल टाकूया का?" मी विचारतो, "ऑइल किती तापतं?" बहुतेकांनी ते कधी बघितलेलंच नसतं. पाण्याचा काटा ९० वर थांबला की इंजिन गरम झालं असं आपण धरून चालतो. ऑइल मात्र तेव्हा बरंच मागे असतं, त्याला आणखी काही मिनिटं लागतात. व्हीआरएसच्या मीटरमध्ये ऑइलचं तापमान वेगळं दिसतं. तिथपासून सुरुवात करा.

डब्यावरचं ५डब्ल्यू-४० वाचायचं कसं, ते सांगतो. डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. कोल्हापुरात एवढी थंडी कधी पडायची नाही, त्यामुळे पहिल्या आकड्यावरून डोकं शिणवू नका. जानेवारीत लेहला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. खरा हिशेब दुसऱ्या आकड्याचा आहे. १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहतं ते तो सांगतो. हा घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकं ऑइल घट्ट. २० नंबर म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३० म्हणजे १२.५ पर्यंत, ४० म्हणजे १६.३ पर्यंत, ५० म्हणजे २१.९ पर्यंत.

आता १०० च्या पुढे काय होतं ते बघा. १०० अंशांना १४ सेंटिस्टोक असलेलं ४० नंबर १३० अंशांना ८ च्या आसपास येतं. म्हणजे डब्यावर ४० लिहिलेलं असलं तरी बेअरिंगला मिळतंय २० नंबरइतकं पातळ ऑइल. ३० नंबर टाकलं असेल तर ते साडेसहापर्यंत उतरतं.

माझ्या टेबलाच्या खणात कनेक्टिंग रॉडचा एक बेअरिंग शेल आहे. ट्रॅकवर पळणाऱ्या एका गाडीचा. दुसऱ्या गॅरेजमध्ये कुणीतरी मायलेज वाढेल म्हणून तिच्यात ०डब्ल्यू-२० भरलं होतं. वरच्या शेलचा राखाडी थर मधोमध घासून गेलाय आणि खालचं तांबं दिसतंय, अंगठ्याच्या नखाएवढं, चंद्रकोरीसारखं. बोट फिरवलं की कडेला खरखर लागते. क्रँक म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा. तो आणि शेल यांच्यात केसाएवढीच फट असते, तिथला ऑइलचा पापुद्रा तुटला की धातू धातूला लागतो. हा शेल मी प्रत्येकाच्या हातात देतो.

म्हणून ग्रेडच्या आधी मंजुरीचा कोड बघा, म्हणजे गाडीच्या कंपनीने कुठलं ऑइल मंजूर केलंय त्याची खूण. व्हीआरएस २३० सारख्या गाडीच्या पुस्तकात व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ०० लिहिलेलं असतं. हा कोड किंवा युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा एसीईए ए३/बी४ डब्यावर असेल तर एचटीएचएस किमान ३.५ असतो. १५० अंशांना, वेगाने रगडलं जात असताना ऑइल किती टिकतं, त्याचा हा आकडा. नंबर ३० की ४० यापेक्षा मी याला जास्त मान देतो. कोड नसलेलं ऑइल कितीही महाग असलं तरी परत करा.

मग स्वतःचा आकडा काढा. एकदा रोजच्या रस्त्यावर, एकदा तवंदी घाट दाबून चढून आल्यावर. ११५ च्या आत असाल तर कंपनीचा ग्रेड सोडायचं कारण नाही, मे महिना असला तरी. बाहेरचं ऊन ४० असो की २५, ऑइल आपल्या शंभराच्या आसपासच राहतं. १२० ते १३० वारंवार दिसत असेल तर पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घ्या आणि १५,००० किलोमीटरची वाट न बघता ५,००० ला बदला. माझा एक गिऱ्हाईक कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जातो. लॅप जेमतेम २.१ किलोमीटरचा, तरी सहाव्या लॅपला त्याला १३१ दिसलं. त्याला मी जाड ऑइल दिलं नाही, आधी ऑइल कूलर बसवला. कूलर लावूनही १३० ओलांडत असेल तरच ५डब्ल्यू-५० चा विचार करा.

सरळ ५० किंवा ६० का नको? १०डब्ल्यू-६० हे ४० अंशांना ५डब्ल्यू-४० च्या जवळजवळ दुप्पट घट्ट असतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर वर कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत, पोचायला ते वेळ लावतं. कॅमचं टायमिंग बदलणारे भाग ऑइलच्याच दाबावर चालतात, ते आळसावतात. उन्हाळा आहे म्हणून एका टर्बो पेट्रोलमध्ये मी स्वतः २०डब्ल्यू-५० टाकलं होतं. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि थंड गाडी खडखडायला लागली. ऑइल काढलं, ५डब्ल्यू-४० भरलं, दिवा गेला. तेव्हापासून तसं करत नाही.

तरीही जाड ऑइल वाईटच, असं नाही. फोर्डच्या मस्टँगचंच घ्या. २०१२ साली अमेरिकेत साध्या जीटीला ५डब्ल्यू-२० होतं आणि त्याच ५.० लीटर घराण्याचं इंजिन असलेल्या, ट्रॅकसाठी काढलेल्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० चालतं, कारण कंपनीनेच ते ठरवलंय.

डिपस्टिकचा वासही घेत जा. थेट इंजेक्शनच्या इंजिनात, विशेषतः रोज तीन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत, पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वर गेली असेल तर ४० नंबर ३० झालेला असतो. तिथे ग्रेड वाढवू नका, ऑइल बदला.

पुढच्या वेळी येताना दोन आकडे कागदावर लिहून आणा, रोजच्या रस्त्याचा आणि घाटाचा. मग डबा फोडू.