कुसकुसचा चिकट गोळा: शेवटी वाफेनेच सुटला

लक्षण: कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वळलेले बारीक दाणे) वरून मऊ, तळाशी चिकट गोळा. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं, पाणी कमी केलं, तेल वाढवलं, फरक शून्य. अगदी वैताग आला होता.

मोरोक्कोत कुसकुस रश्शाच्या वाफेवर शिजवतात, तेच केलं. 500 ग्रॅम कोरड्या कुसकुसला परातीत दोन चमचे तेल चोळलं, वाटीभर पाणी शिंपडून बोटांनी मोकळा केला. मग चाळणीत, अजिबात न दाबता, उकळत्या रश्शावर. पातेलं आणि चाळणीच्या फटीला कणकेची पट्टी लावली; बाजूने वाफ गेली तर दाणे कच्चे राहतात. झाकण नाही, त्याचं पाणी ठिबकतं. दाण्यांतून वाफ वर दिसल्यापासून 15 मिनिटं. परातीत उलटून गुठळ्या फोडल्या, वाटीभर मिठाचं पाणी शिंपडलं, परत वाफ. तिसऱ्या वाफेआधी पाणी थोडं जास्त, प्रत्येक वेळी हळूहळू मुरवत. उतरवल्यावर लोणी चोळलं. दाणा न् दाणा सुटा!