चिंचोक्यांची बरणी

खानापूर तालुक्यातल्या आमच्या बालवाडीत 28 मुलं. बरीचशी घरी मराठी बोलणारी, काही कन्नड, दोन-तीन कोकणी. पावसाळ्यात बाहेर सोडता येत नाही, मग वर्गात नुसता कल्ला. मी ओरडले की मुलं माझ्याहून मोठ्यानं ओरडायची.

शेवटी टेबलावर काचेची बरणी ठेवली. सगळ्या वर्गानं मिळून चांगलं काही केलं की त्यात एक चिंचोका. टाकताना कशासाठी तेही लगेच सांगायचं, "चपला रांगेत लावल्यात, म्हणून हा." नुसत्या 'शाब्बास'नं चार वर्षांच्या पोराला काही उमगत नाही. चिंचोका काचेवर टण्‌कन वाजला की सगळी गप्प होऊन बघतात. (बरणी माझ्याच हाताशी असते, या वयात चिंचोका नाकात जायला वेळ लागत नाही.)

पहिली बरणी मुद्दाम लहान घेतली, दोन दिवसांत भरली. बक्षीस खाऊचं नाही, सगळ्यांनी मिळून व्हरांडाभर झुकझुक गाडी.

एकदा रागाच्या भरात मी दोन चिंचोके काढून घेतले. ज्याच्यामुळे काढले त्याच्यावर बाकीची तुटून पडली. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेले, त्याला जवळ घेतलं. तेव्हापासून बरणीत पडलेला चिंचोका मी परत काढलेला नाही.