पालापाचोळ्यातल्या भटक्या कोळ्याचं वर्णन लिहिताय? या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर आंबोलीच्या जंगलात रात्री टॉर्च कपाळाला लावून पालापाचोळ्यावर प्रकाश फिरवा. दहा-बारा पावलांवर हिरवट ठिणगी चमकते. जवळ जावं तर पाय पसरून बसलेला तपकिरी कोळी दिसतो. त्याला जाळं नाही. समोरून झुरळ किंवा नाकतोडा चालत येईपर्यंत तो तसाच बसून राहतो. असे फोटो आणि त्यांच्यासोबत ‘नवी प्रजाती वाटते, मसुदा बघाल का?’ अशी विचारणा माझ्याकडे अधूनमधून येते. मसुदे वेगवेगळ्या हातांचे असतात, चुका मात्र ठरलेल्या.

पहिली चूक कुळाचीच. डोळे चमकले म्हणजे लांडगा कोळी, असं गृहीत धरून लोक लायकोसिडी, म्हणजे लांडगा कोळ्यांचं कुळ, लिहून मोकळे होतात. भटक्या कोळ्यांचे, म्हणजे टेनिडी कुळातल्यांचेही डोळे टॉर्चमध्ये तसेच चमकतात. डोळ्यांच्या ओळी मोजा. लांडगा कोळ्यात पुढे चार बारीक डोळे, त्यामागे दोन मोठे आणि त्याहून मागे दोन, म्हणजे ४-२-२. टेनिडीत २-४-२. वरून काढलेल्या फोटोत हे कळत नाही. कोळ्याच्या समोर, त्याच्या उंचीला कॅमेरा न्यावा लागतो. अजून शंका असेल तर पायाचं टोक भिंगाखाली घ्या. लांडगा कोळ्याला तीन नखं असतात. भटक्याला दोन, आणि त्यांच्याखाली केसांचा गुच्छ. याच गुच्छामुळे भटका कोळी काचेच्या बरणीतून सहज वर चढतो आणि लांडगा कोळी बहुतेक वेळा खालीच घसरत राहतो. मादीच्या बुडाशी अंड्यांची गोल पिशवी चिकटलेली असेल किंवा पाठीवर पिल्लांची गर्दी असेल, तर तो लांडगा कोळीच. पुढे वाचायचं कारण नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. एक मादी मिळाली, चांगली मोठी. तीन आठवडे मोजमापं घेतली, पायांवरचे काटे मोजले, शिरोवक्षाचं चित्र शाईत पक्कं केलं. उदराच्या खालच्या बाजूला जिथे एपिगाइन, म्हणजे मादीच्या जननेंद्रियाचा बाहेरून दिसणारा भाग, असतं तिथे फुगवटा दिसत होता, म्हणून ती प्रौढ आहे असं मानलं. शेवटी एपिगाइन सोडवायला घेतलं तेव्हा कळलं की आत काहीच घडलेलं नाही. बाई अजून एक कात टाकायच्या बाकी होत्या. तीन आठवड्यांचं काम कुपीत परत गेलं.

कोळ्यांची प्रजाती ठरते ती मुख्यतः जननेंद्रियांवरून, आणि ती पूर्ण घडतात शेवटची कात टाकल्यावर. नराचे पेडिपाल्प, म्हणजे तोंडाजवळचे पायांसारखे दोन छोटे अवयव, शेवटच्या कातीआधी मुष्टियुद्धाच्या हातमोज्यांसारखे फुगलेले पण गुळगुळीत असतात. प्रौढ नरात तिथे कडक पट्ट्या, आकडे, बारीक नळी असं सगळं उघडं दिसतं. मादीचं एपिगाइन बाहेरून पाहणं पुरेसं नाही. ते अलगद कापून आतल्या नलिका आणि शुक्रकोश पाठीमागून पाहावे लागतात. ऊती साफ करायला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं सौम्य द्रावण वापरतात; त्यात जास्त वेळ विसरलात तर पाहायचं तेही विरघळल्यासारखं होतं. मग लवंगेच्या तेलात ठेवलं की भाग पारदर्शक होतो. दातदुखीसाठी घरात असतं तेच तेल, फक्त ते दाखवून आईला समजावणं अवघड जातं. म्हणून क्रम उलटा करा: आधी जननेंद्रियं, मग बाकीचं अंग. आणि पेडिपाल्प डावा काढा, तशी रीत आहे. उजवाच शाबूत असेल तर तो काढा, पण तसं स्पष्ट लिहा, नाहीतर तुलना करणारा आरशातलं चित्र बघत बसतो.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. मसुद्यात आठ पानं वर्णन असतं. रंग, काटे, केस, दात, सगळं असतं. पण ‘ही प्रजाती जवळच्या अमुक प्रजातीपासून कशी वेगळी?’ हे विचारलं की दोन ओळी, त्याही ‘आकार व रंगावरून वेगळी’ अशा. वर्णन म्हणजे पंचनामा नव्हे. पंचनाम्यात दिसलं ते सगळं येतं. वर्णनात सख्ख्या भावंडाला वेगळं काढणारी खूण आधी यायला हवी.

ती खूण निसटली की काय होतं, याचं उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातलं आहे. तिथला फोन्युट्रिया हा टेनिडी कुळातलाच, रात्री भटकून शिकार करणारा आणि विषारी म्हणून गाजलेला वंश. ब्राझीलमध्ये त्याला ‘आर्मादेइरा’ म्हणतात, पुढचे पाय उभारून तो पवित्रा घेतो म्हणून. या वंशातली बोलिव्हिएन्सिस ही प्रजाती १८९७ सालची. डेपिलाटा या नावाने स्ट्रँड या कोळीतज्ज्ञाने १९०९ साली वर्णन केलेली दुसरी प्रजाती पुढे बोलिव्हिएन्सिसचंच दुसरं नाव मानली गेली. २०२१ साली निकोलस हाझी आणि गुस्ताव्हो ओर्मिगा यांनी शरीररचना आणि डीएनए दोन्ही पाहून या दोन स्वतंत्र प्रजाती असल्याचं दाखवलं. बोलिव्हिएन्सिस ॲमेझॉनच्या बाजूची; डेपिलाटा अँडीजच्या पश्चिमेकडची आणि मध्य अमेरिकेतली. तोवर बोलिव्हिएन्सिसच्या नावावर वर्तन, परिसंस्था आणि विष यांवरचं बरंच संशोधन छापून झालं होतं, आणि ते प्रत्यक्षात डेपिलाटावरचं होतं. नाव चुकलं की त्यावर रचलेलं सगळंच दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतं.

त्याच वंशाबद्दल सोपी चूकही सतत होते. केळ्यांच्या खोक्यात मोठा कोळी निघाला की फोन्युट्रियाची बातमी होते. पुष्कळदा तो क्युपिएनियस या दुसऱ्याच वंशातला असतो. त्यातल्या एका प्रजातीच्या जबड्यांवर लाल केस असतात, आणि लाल जबडे म्हणजे फोन्युट्रिया असं लोकांनी पाठ केलेलं असतं. पाहायचं असतं ते पेडिपाल्पच्या आतल्या कडेला ब्रशसारखे दाट केस आहेत का. फोन्युट्रियाला ते असतात. ठळक दिसणारी खूण आणि वेगळं काढणारी खूण एकच असेल असं नाही.

रंगाचं तसंच. जिवंत कोळ्याच्या पाठीवरचा पट्टा तुम्ही टिपला, पण मसुदा लिहिताना समोर सहा महिने अल्कोहोलमध्ये पडलेला नमुना होता, आणि दोन्ही रंग एकाच परिच्छेदात मिसळले. अल्कोहोलमध्ये रंग उतरतात. ‘जिवंत असताना’ आणि ‘अल्कोहोलमध्ये’ असे दोन वेगळे परिच्छेद करा. आणि पकडल्यावर उदराच्या खालच्या बाजूचा फोटो न विसरता काढा. तो कुणी काढत नाही, आणि नंतर तोच हवा असतो.

मोजमापांबद्दल थोडक्यात: शरीराची लांबी म्हणजे पाय आणि पेडिपाल्प वगळून. पायाचा प्रत्येक भाग वेगळा मोजायचा, नुसती एकूण लांबी नाही. एखादा पाय बाकीच्यांपेक्षा बारीक आणि आखूड दिसला तर तो तुटून पुन्हा उगवलेला असतो. तो मोजून पायांचा लांबीक्रम लिहिलात तर फजिती ठरलेली. दुसऱ्या बाजूचा पाय मोजा आणि तशी नोंद करा.

जुन्या नावांकडे वळू. भारतातल्या बऱ्याच भटक्या कोळ्यांचं वर्णन ग्रेव्हली या प्राणिशास्त्रज्ञाने १९३१ साली केलं, आणि ते टेनस या वंशात टाकले. हा वंश वाल्केनेर या फ्रेंच अभ्यासकाने १८०५ साली उभा केला तो फ्रेंच गयानातल्या एका प्रजातीवर, आणि तिचं नाव ‘डुबियस’, म्हणजे संशयास्पद. तेव्हा सह्याद्रीतला कोळी या वंशात बसवताना थांबून विचार करायला हवा. ‘जुन्या वर्णनाशी जुळत नाही, म्हणून नवी’ हा तर्क चालत नाही. जुनं वर्णन त्रोटक असतं, चित्र कधी एकच असतं, कधी तेही नसतं. ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना, म्हणजे होलोटाइप, संग्रहालयात जाऊन पाहा. जगभरच्या नावांचा हिशेब बर्नच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये मिळतो, आणि त्यात २०२२ सालीच पन्नास हजारांवर प्रजाती झाल्या होत्या. तुमची त्यात आधीच असण्याची शक्यता धरून चाला.

नाव सुचलं की फेसबुकवर टाकायची घाई नको. तिथे टाकून ते शास्त्रीय नाव होत नाही, आणि आधी टाकल्याने तुमचा हक्कही लागत नाही. १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीला होलोटाइप (किंवा सिंटाइप, म्हणजे त्याऐवजी नेमलेले अनेक नमुने) स्पष्टपणे नेमलेला लागतो. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात छापत असाल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणीही लागते. आपल्याकडे जंगलातून नमुना गोळा करायला वन विभागाची परवानगी हवी, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना अधिकृत भांडारात जमा करावा लागतो. परवानगी नंतर बघू म्हणणाऱ्यांचे चांगले नमुने कपाटात पडून राहिलेले मी पाहिलेत.

आणि कुपीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये सुटते. जाड कागदावर ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं आणि चिठ्ठी कुपीच्या आत टाकायची, बाहेर चिकटवायची नाही. माझ्याकडे एक सुरेख नर आहे, पेडिपाल्प अगदी शाबूत, आणि सोबत निळसर डाग पडलेला कोरा कागद. तो आंबोलीचा की तिलारीचा, हे आता त्यालाच विचारावं लागेल.